भिंतीवरची झोप

आमच्या प्रयोगशाळेत लोक झोपायला यायचे. विद्यापीठात झोपणारे इतरत्रही पुष्कळ आहेत, पण आमच्याकडे ते काम म्हणून चालायचं. आतल्या खोलीत एक पलंग, जाड पडदे, भर दुपारी तिन्हीसांजेसारखा उजेड. झोपणाऱ्याच्या डोक्याला मलम लावून तारा चिकटवायच्या आणि बाहेर बसून त्याच्या झोपेची रेघ स्क्रीनवर बघायची. बघता बघता मला वाटायचं, आपण कुणाच्या तरी अंगणात न विचारता शिरलो आहोत.

माणसं कमी पडली की सर म्हणायचे, "घरचंच कुणीतरी पडा रे." घरचं म्हणजे आम्ही, त्यांच्या हाताखाली प्रबंध लिहिणारे. रीतच होती तशी. पाहुण्यांची संमतीपत्रावर सही घ्यायची, घरच्यांच्या हातात नुसता ग्लास द्यायचा. "ग्लुकोजचं पाणी आहे, पी आणि पड." आमचे प्रबंध सरांच्या सहीवाचून अडलेले, नाही म्हणायची कुणाची छाती होती? त्या उन्हाळ्यात मी बऱ्याचदा पडले.

मला स्वप्नं फार पडायची. बाबा गेल्यापासून तर ते स्वप्नात नेमाने यायचे. बोलायचे कमीच. कधी पाण्याने भरलेल्या जिन्यावरून मोजे हातात धरून वर यायचे, कधी माझ्या टेबलाशी बसून पेन्सिलींना टोक करायचे आणि खोलीभर लाकडाचा वास पसरायचा. आईच्या स्वप्नात मात्र ते एकदाही फिरकले नाहीत. म्हणून सकाळी चहा गाळता गाळता ती मला विचारायची, "आले होते? कसे दिसत होते गं?" मी सांगायचे आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

मग बाबा यायचे थांबले. बाबाच काय, काहीच येईना. डोळे मिटले की काळं, उघडले की सकाळ. आईला वाटलं, मी लपवते आहे. "भांडलीस का त्यांच्याशी?" तिने एकदा विचारलं, तेव्हा मला हुंदका आवरेना.

कारण कळलं ते एका व्याख्यानात. सर मोठ्या सभागृहात स्वप्नं बंद करणाऱ्या नव्या औषधाबद्दल बोलत होते. भिंतीवर एक रेघ उमटली, संथ वाहणारी, मध्येच काटेरी झुडपं उगवलेली. मी झोपेत दात खाते, लहानपणापासून, आणि दात खाल्ले की रेघ अशीच काटेरी होते. ती झुडपं माझी होती. माझी झोप भिंतभर पसरली होती आणि भरलेलं सभागृह ती बघत होतं. असली खरड खरं तर व्याख्यानाआधी साफ करतात. पण आमच्याकडे ते काम माझं, आणि त्या आठवड्यात मी तापाने अंथरुणात होते. सरांना स्वतःची कपबशी विसळायचीही सवय नव्हती.

"पूर्ण माहिती घेऊन संमती दिलेल्या व्यक्ती," सर सांगत होते.

नंतर मी त्यांना गाठलं. "सर, ग्लासात काय होतं?"

"अगं, घरच्या माणसाने असं विचारायचं असतं का?" ते हसले. "प्रबंध पुरा करायचाय ना?"

माझं डोकंच फिरलं. मी लेखी तक्रार केली. एथिक्स कमिटीत बहुतेक सरांच्याच पंगतीतली माणसं. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे? पण अध्यक्षबाई बाहेरच्या होत्या, निवृत्त डॉक्टर. सुनावणीच्या दिवशी सर त्यांना म्हणाले, "ही रेघ हिचीच कशावरून? दात काय, अर्धं जग खातं."

"मग झोपूनच दाखवते," मी म्हटलं. "इथेच."

कोपऱ्यातला सोफा मोकळा केला, तारा आणल्या. सोबत आलेल्या आईने शाल घडी करून उशाला दिली. मी आडवी होणार तोच अध्यक्षबाई म्हणाल्या, "थांब बाळ. आधी सगळं समजावून सांगते, मग पटलं तर सही कर. तोवर हिला कुणी हात लावायचा नाही." तारा कशासाठी, मध्येच उठावंसं वाटलं तर काय, सगळं त्यांनी सांगितलं. मला इतकं रडू आलं की सही वाकडी झाली. सर खिडकीबाहेर बघत होते.

पंख्याची घरघर लांब गेली. कुणाचा तरी खोकला पाण्याखालून आल्यासारखा ऐकू आला. खोली अलगद सुटून तरंगायला लागली, आणि मग नेहमीसारखं काळं.

जागी झाले तेव्हा दोन्ही रेघा भिंतीवर शेजारी शेजारी होत्या, झुडपांसकट. सरांच्या बाजूच्या गृहस्थांनी आपली खुर्ची जराशी सरकवून घेतली होती.

"काय दिलं होतंत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सरांनी एक लांबलचक नाव सांगितलं. बाजारात न आलेलं औषध.

"आणखी कुणाला?"

"घरच्या सगळ्यांना."

बाईंनी ते संशोधन तिथल्या तिथे थांबवलं. ग्लासात काय होतं ते प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायचं, आणि आमचे प्रबंध दुसऱ्या मार्गदर्शकाकडे द्यायचे, असं ठरलं. मी जिंकले होते म्हणे. आई मात्र उठून सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"हिची स्वप्नं परत येतील का?"

सरांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच ते खरं बोलताहेत असं मला वाटलं.

"माहीत नाही हो. अजून कुणालाच माहीत नाही. तेच तर बघायचं होतं."

"तिथे माझा नवरा राहत होता," आई म्हणाली.