म्हशीनं नथ चोरली काय?

मोताळ्याजवळच्या आमच्या गावात शाळा निघाली एकसष्ट साली. मी तिथला मास्तर; पोरं गोळा करताना माझ्या चपला झिजल्या. पण चोर ओळखणारा भास्करबाबा आला म्हटल्यावर भर दुपारी हिंमतरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही!

हिंमतरावांच्या बायकोची, सत्यभामाबाईंची, नथ हरवली होती. संशय सुनेवर, आशाबाईवर. चोरी शाबीत झाली की तिला कायमचं माहेरी धाडायचं ठरलं होतं. बिचारीचे डोळे रडून सुजले होते.

"सूर्यनारायण सारं पाह्यते!" भास्करबाबा गरजला. "पाप्याच्या ताटात आग ओतते!"

घरातल्या बायकांना त्याने हातावर एकेक पितळी ताट धरून उन्हात उभं केलं. बाकीच्यांच्या ताटांना पांढरी राख चोळली, आशाबाईच्या ताटाला मात्र काळा अंगारा. संशयिताला म्हणे भैरवाचाच अंगारा लागतो! थोड्या वेळाने आशाबाईने "आई वं!" करून ताट टाकलं. बाकीच्या खुशाल उभ्या.

"चोर सापडली!" लोक ओरडले.

माझं डोकंच फिरलं. तेच ताट उपरण्यात धरून मी बाबापुढे केलं. "बाबा, तुम्ही तर पुण्यवान. धरा बरं."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? धरलं. आधी मंत्राचा आवाज चढला, मग एक पाय उचलला, मग दुसरा. शेवटी "मेलो वं माय!" म्हणत बाबाने रांजणात कोपरापर्यंत हात घातले.

"बाबा, तुमी कोनाची नथ चोरली?" म्हाताऱ्या कडूबाने विचारलं.

"पन मास्तर, ऊन तं साऱ्यायवर सारखंच होतं," हिंमतराव म्हणाले.

"ऊन सारखंच. सूर्याची उष्णता किरणांतून येते, मधल्या रिकाम्या पोकळीतूनसुद्धा. पांढरी राख ते किरण बरेचसे परत पाठवते. काळा अंगारा, म्हणजे चुलीची काजळी, ते गिळतो आणि तापतो. तुमची काळी म्हैस दुपारी डबक्यात का बसते? तिनं नथ चोरली काय?"

अंगण हसलं. सत्यभामाबाई हसल्या नाहीत. "मंग माही नथ गेली कुठी?"

तेवढ्यात कडूबा गाल धरून ओरडला. सवयीप्रमाणे तो खाटेवर वाळत घातलेल्या मुगवड्या गुपचूप चाखत होता. त्याने थुंकलेल्या वडीत मोती चमकत होते.

"अगं बाई! डाळ फेटतानी नाकाचा घाम पुसला होता मी," सत्यभामाबाई पुटपुटल्या. मग त्यांनीच तांब्या आणला आणि सुनेच्या पोळलेल्या हातांवर गार पाणी ओतलं. "चुकलं वं माहं, आशे."

लोकहो, सूर्य फक्त ऊन देतो, निवाडा करत नाही. एखाद्या लेकीला चोर ठरवण्याआधी ताटाला काय फासलंय, एवढं तरी बघत जा.