डाग कुठल्या पानावर?

“जोत्या, तुझं अक्षर लावता लावता माझा चहा पार निवला बघ!”

कसबा बावड्याच्या शाळेतल्या गुरुजींचा हा आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा. त्या जोत्याचे आता प्राध्यापक जोतीराम चौगुले झाले आहेत. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात ते एम.ए.ला समाजशास्त्र शिकवतात.

यंदा त्यांच्याकडे बेचाळीस प्रकल्प आले. मुले हल्ली यंत्राकडून लिहून आणतात, ही तक्रार कुठल्या महाविद्यालयात नाही? सरांनी यंत्रावर यंत्रच बसवले. फाईल संगणकात टाकायची. मजकूर माणसाचा की कृत्रिम बुद्धिमत्तेचा, ते टक्क्यांत कळते. शेराही तेच लिहून देते. बेचाळीस प्रकल्प एका दुपारी हातावेगळे झाले.

जोया मुल्लाच्या नावापुढे आकडा आला, एक्याण्णव टक्के यंत्राचे. म्हणजे नक्कल. प्रकल्प बाद, वर्ष बाद.

कबनूरच्या यंत्रमागांसाठी कांड्या भरणाऱ्या बायकांवर तिने लिहिले होते. कांडी म्हणजे मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची लहानशी गुंडाळी.

“सर, मीच लिहिलंय,” जोया म्हणाली. “घरात आमची बोली वेगळी. मराठी मी पुस्तकं वाचून शिकले. म्हणून ते पुस्तकी वाटत असेल.”

“आकडा समोर आहे, जोया. आज तीन वाजता समिती बसतेय, तिथं सांग.”

दारात तिची आई उभी होती. खैरुनबी. ती स्वतः कांड्या भरते. सुताने बोटांची पेरे कापलेली.

“सर, एक इचारू? हे वाचलासा काय तुम्ही?”

“तपासलंय.”

“तसं न्हवं. आमच्याकडं कापडाचा ताका तयार झाला की चेकिंगवाला टेबलावर अख्खा उलगडतोय. उजेडाला धरतोय, हात फिरवतोय. डाग गावला की बोट ठेवून दावतोय, ह्यो बघा. मगच बाद करतोय. लई खडूस हाय मेला! पर गुंडाळलेला ताका बघून बाद केला, असं कधी झालं न्हाय. माझ्या पोरीचा डाग कुठल्या पानावर हाय, तेवढं दावा. हितंच थोबाडते हिला.”

“अम्मी, गप की!” जोया पुटपुटली.

सरांनी फाईल पुढे ओढली. डाग शोधायला म्हणून पहिल्यांदा पान उलटले. मग दुसरे. सतराव्या पानावर बोट थांबले. जोयाने लिहिले होते : ‘सूत दाताने तोडून तोडून पुढच्या दाताला खाच पडते. आमच्याकडच्या बायका अनोळखी बाईचे काम तिच्या हसण्यावरून ओळखतात.’

खाली एक ओवी होती.

सूत तुटं घडीघडी, गाठ मारू किती बाई,
लेक शिकाया गेली, हात माझा थांबं न्हाई.

“ही कुणाची?” सरांनी विचारले.

“विठाबाईची. माझ्या शेजारी बसती. गळा न्हाय तिला, पर गाती रोज!” आणि खैरुनबी हसली.

तिच्या पुढच्या दाताला बारीक खाच होती.

केवढी ही चूक! पोरीवर नकलेचा शिक्का मारायला निघालेल्या माणसाने स्वतःचे सगळे वाचन यंत्राच्या हवाली केले होते!

सरांनी फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि ती काखेत धरून ते समितीच्या खोलीत गेले. मायलेकी मागोमाग.

“बादच्या शेऱ्याखाली सही करा की, चौगुले,” विभागप्रमुख विजयसिंह म्हणाले. “टक्केवारी हाय समोर. मिटला इषय.”

मित्रहो, यंत्र वापरू नये असे कोण म्हणेल? कबनूरला हातमाग परत कोण आणणार? पण एकाने जिवापाड लिहावे आणि दुसऱ्याने ते मन लावून वाचावे, शिक्षण म्हणतात ते याच देवघेवीला. यातले वाचणे ज्याने टाकले, त्याने लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा कुठल्या तोंडाने मोजायचा?

सरांनी पेनाला टोपण लावले. शाळा सुटल्यापासून कॉलेजात कधी न बोललेली गावची बोली त्यांच्या तोंडी आली.

“हिचा प्रकल्प मी आत्ता वाचला, विजयसिंह. अस्सल हाय. पर उरलेल्या एक्केचाळीसातला एकबी मी उघडलेला न्हाय. शेरेसुद्धा माझे न्हाईत.”