सुनीलचा दगड

आमचा सुनील मस्कतला गेला आणि त्याचा फिशटँक आमच्या गळ्यात पडला. मासे त्यात नव्हतेच. खारं पाणी, वर निळसर दिवे, तळाशी एक दगड, आणि दगडावर बटणाएवढी हिरवी-केशरी फुलं. ती फुलं म्हणजे जिवंत प्रवाळ, असं तो सांगायचा. शेजारच्या सगुणाबाई म्हणायच्या, "नुसता दगड पोसताय हो तुम्ही!"

"देवघरात तरी काय वेगळं आहे?" मी म्हणायचे.

खरं तर मला त्याचा कंटाळा होता. मीठ कालवायचं, बादल्या उचलायच्या, भारनियमनात दिवे गेले की बॅटरीचा पंप शोधायचा. वीज तयार करणाऱ्याच्या घरात संसार केला, एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाळत घातलेल्या साड्यांवरची राख झटकली, आणि म्हातारपणी नाशिकरोडच्या घरात अंधारात चाचपडत होते.

ह्यांनी सुनीलला तिथेच, वीज केंद्रात, कायमची नोकरी लावून दिली होती. ती सोडून तो गेला आणि ह्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीला, फोन यायचा.

"आई, अण्णा गोळ्या घेतात का?"

"त्याला सांग, घेतो," हे पेपराआडून म्हणायचे.

फोनशेजारीच ह्यांची खुर्ची, पण प्रत्येक शब्द माझ्या तोंडून जायचा. मी दमून गेले होते.

२००६ च्या हिवाळ्यात फुलं मिटायला लागली. आधी एका कडेची, मग निम्म्या दगडाची. ह्यांचा जन्म बॉयलरचं पाणी तपासण्यात गेलेला; काही बिघडलं की दोष पाण्याचा, हे डोक्यात पक्कं. पाणी तपासलं, बदललं, पुन्हा तपासलं. पाणी चोख होतं आणि फुलं मिटलेलीच. त्या शुक्रवारी ह्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"ते प्रवाळ मिटलंय."

मग ह्यांनी रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरला, आणि मलाही सुनीलचा आवाज आला. "पाण्याचं काय, अण्णा?"

"पाणी मी बघितलंय."

"मग भिंग घेऊन फुलांच्या मधे बघा. बिनशंखाची बारीक गोगलगाय असते. फुलं खाते आणि त्यांचाच रंग घेते. पटकन दिसत नाही."

"आता तू मला शिकवणार!"

"शिकवत नाही. बघा म्हणतोय. आणि हातमोजे घाला, विष असतं त्या फुलांत."

मी बॅटरी धरली, हे भिंग लावून वाकले. खूप वेळाने एक केशरी फूल जागचं हललं आणि सरकत बाजूला गेलं. "सापडली चोरटी!" हे ओरडले. सुनीलने सांगितल्याप्रमाणे दगड थोडा वेळ गोड्या पाण्यात बुडवला, तेव्हा तसल्या कितीतरी खाली गळून पडल्या. अंडी मात्र चिकटून राहतात. ती जुन्या टूथब्रशने खरवडायची, आणि नवी पिल्लं निघतील म्हणून दर आठवड्याला पुन्हा बुडवायचं. दर शुक्रवारी सगळा अहवाल. हे फोनवर हसायला लागले होते. मी त्या वेळात भाजी निवडून घ्यायचे.

एका सकाळी चहा घेऊन आले तर सगळा दगड फुललेला. हे समोर उभे होते, पण तोंडावर आनंद काही दिसला नाही.

शुक्रवारी फोन आला. "अजून मिटलेलंच आहे," काचेकडे पाठ करून ह्यांनी सांगितलं. मी बघतच राहिले. पुढच्या शुक्रवारीही तेच. बऱ्या झालेल्या दगडाला पुन्हा गोड्या पाण्याची शिक्षा. त्यानंतरच्या शुक्रवारी सुनील म्हणाला, "जाऊ द्या अण्णा. टाकून द्या तो दगड. तुम्हा दोघांना किती त्रास."

ह्यांनी रिसीव्हर धरूनच काचेकडे वळून बघितलं. मी उठले, गुडघा धरत, आणि रिसीव्हर घेतला.

"अरे, केव्हाच उघडलंय ते. छान आहे."

"मग अण्णा असं का..."

"ते तूच विचार. मी आता थकले."

रिसीव्हर त्यांच्या हातात देऊन मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. फोन ठेवला असेल असं वाटलं. मग ह्यांचा आवाज आला, घसा खाकरून, जरा अवघडलेला.

"तिकडे... जेवणाचं काय करतोस रे?"