मुठीत झाकलेली चीर

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. खरे सांगायचे तर आता धड पुरी सुरीही नाही. सांगतानाही मला मान वर करवत नाही, तरी ऐका.

मला एका शिंप्याने घडवले. पोटासाठी तो कपडे शिवायचा आणि हौसेसाठी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुऱ्या करायचा, ज्याच्या त्याच्या हाताला बसतील अशा. मी त्याच्या ताईसाठी होते. ताई एका कँटीनमध्ये भाज्या चिरायची. चिरून चिरून तिची बोटे वाकडी झाली होती. शिंप्याने तिच्या हातात ओल्या मातीचा गोळा ठेवला.

"दाब घट्ट. मुठीचं माप घेतोय."

"सुरीलाही माप? बाह्या लांब ठेव हो," ताई हसली.

ट्रकच्या जुन्या कमानीची, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची, पोलादी पट्टी कापून, कानस घासघासून त्याने माझे पाते काढले. मग उरले पाणी देणे. पाते तापवून एकदम गार केले की ते कडक होते, त्यालाच सगळे 'पाणी देणे' म्हणतात. शिंप्याने शब्दच धरला आणि बादलीभर गार पाणी आणले. माझ्या पोलादाला हवे होते कोमट तेल! लालभडक मी पाण्यात शिरले आणि 'टिक' असा आवाज झाला. मूठ जिथे बसणार तिथे केसाएवढी चीर पडली.

त्याने ती पाहिली. उलटून पालटून पाहिली.

"एवढीशी तर आहे. मुठीत झाकली जाईल," तो पुटपुटला, आणि त्याने वर लाकडी मूठ चढवली.

मूठ मात्र अशी जमली, की ताईची दुखरी बोटे तिच्यावर अलगद बसली. कँटीनमधल्या बायका म्हणायच्या, "भाऊ असावा तर असा!" शिंपी ऐकून खूश व्हायचा. मला मात्र तोंड कुठे लपवू असे व्हायचे. मी अक्षरशः जीव मुठीत धरून कांदे-बटाटे चिरत राहिले.

एके दिवशी ताईने भला मोठा भोपळा पुढ्यात घेतला. तिने जोर दिला आणि मी मोडले. पाते तिच्या अंगठ्यावरून सरकले. ज्या हातासाठी माझा जन्म होता, त्याचेच रक्त माझ्या अंगाला लागले. धरणीने पोटात घ्यावे असे मला वाटले.

शिंपी धावत आला. ताईने पट्टी बांधलेला हात पदराआड घेतला.

"मीच पाडली रे. माझी बोटं ही अशी. तुझ्या सुरीचा काय दोष?"

त्याने माझे तुकडे उचलून उजेडात धरले. मोडलेली कड अर्धी चकचकीत होती आणि अर्धी काळी. काळा भाग जुन्या चिरेचा होता. त्याचा चेहरा पडला.

"तू नाही पाडलीस, ताई. चीर मला दिसली होती. मीच ती मुठीत घातली."

ताईने दुसऱ्या हाताने मुठीवरून बोटे फिरवली. मग म्हणाली, "मूठ छान होती रे."

ते ऐकून तो मान खाली घालून रडला.

पुढे त्याने नवे पाते तेलात विझवले, उजेडात तपासले आणि मगच माझी मूठ त्याला लावली. मी आता तेलाच्या डब्यावर खिळ्याला टांगलेली असते. काळी कड बाहेर दिसेल अशी त्यानेच मला टांगली आहे.

मित्रांनो, पाणी की तेल, हे चुकत चुकत शिकता येते. पण चीर दिसली तर तिच्यावर मूठ चढवू नका. ती धरणारा हात आपल्याच माणसाचा असतो.