पेटीला पहारा, मला अडगळ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी रॅम्प आहे आणि मला मतपेटीचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकलेलं बरं.

एका सुताराने मला आपल्या बहिणीसाठी बनवलं. ती शिवणकाम करायची. लहानपणापासून पायांत बळ नव्हतं, म्हणून चाकांच्या खुर्चीत बसायची. मतदान शाळेत व्हायचं आणि शाळेला उंच पायऱ्या. तिच्या पहिल्या मतदानाला चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. घरी आल्यावर ती भावाला म्हणाली, "मी माणूस होते की गोणी, तेच कळेना." सुताराने जुन्या दाराच्या फळ्यांवर रंधा मारला आणि माझा जन्म झाला.

पुढे प्रत्येक मतदानाला मला पायऱ्यांवर टाकत. काठी टेकणारी म्हातारी माणसं, दिवस भरत आलेल्या बाया, सगळे माझ्यावरून वर जात. पण मान पेटीचा! ती गाडीतून यायची. तिला कुलूप, तिला लाखेची मोहोर, तिच्याशेजारी पोलीस. वर्तमानपत्रात फोटो तिचाच. माझा एक कोपरा त्यात आला होता, तोही छापताना छाटला. मी चिखलाची पावलं झेलायची आणि संध्याकाळी भिंतीला टेकून तिला मिरवत जाताना बघायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका वर्षी कारखान्याचा मालकच निवडणुकीला उभा राहिला. त्याच्या यंत्रांत हातपाय गमावलेले कामगार शाळेमागच्या वस्तीत राहत. ते आपल्याला मत देणार नाहीत, हे तो ओळखून होता. मतदानाच्या सकाळी शाळेच्या कारकुनाने मला अडगळीच्या खोलीत ढकललं, कुलूप लावलं आणि किल्ली हरवल्याचं सगळ्यांना सांगितलं.

खिडकीच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. मोडक्या बाकांत मी आणि टेबलावर ती! मी धुमसत होतो. तेवढ्यात सगळ्यांच्या आधी शिवणवाल्या ताईंची खुर्ची पायऱ्यांशी येऊन थांबली. मागे कुबड्या घेतलेले कामगार. पोलिसाने त्यांना समजावलं, की उगाच उन्हात बसू नका, एका मताने काय अडतंय, घरी जा.

"मी रांगेत आहे," ताई म्हणाल्या.

कामगारांच्या मागे एक धडधाकट भाजीवाली उभी होती. कारकून तिला वर बोलवू लागला. ती जागची हलली नाही. "माझा नंबर यांच्या मागे आहे," ती म्हणाली. तिच्या मागचेही तसेच उभे राहिले. रांग फाटकाबाहेर गेली, पण पायरी कुणी चढेना.

अखेर केंद्राच्या अधिकारी बाई बाहेर आल्या. तोवर सुतारही अवजारांची पिशवी घेऊन पोचला होता. कारकून घाईघाईने म्हणाला, "कुलूप तोडायचं नाही हं, सरकारी आहे."

"कुलपाला कोण हात लावतंय?" सुतार म्हणाला. बाईंनी मान हलवली, तसं त्याने दाराच्या बिजागऱ्या काढल्या. दार कुलपासकट बाजूला ठेवलं आणि मला बाहेर आणलं.

खरं सांगू? ताईंची चाकं माझ्यावर चढली, तेव्हा मी आधी आत डोकावून पाहिलं. एवढी मानाची पेटी, पण रिकामीच बसली होती. माझ्यावाचून तिचं अडलं होतं! इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

मालक हरला. पेटी नेहमीसारखी गाडीतून गेली आणि मी भिंतीशी राहिलो. हेवा काही सुटला नाही.

आता मी शाळेमागे पडून असतो. मुलं माझ्यावर सायकली टेकवतात. मित्रांनो, पेटीला तुम्ही सगळेच जपता, तशीच तिच्यापर्यंतची वाटही जपा. माझी मधली फळी कुजली आहे. मतदान जवळ येईपर्यंत थांबू नका, आताच बदला. ताईंच्या खुर्चीचं चाक नेमकं तिथेच अडकतं.