भरल्या हातांवर मला जागा उरली नाही

मनगटावर बांधायचा बीपीचा पट्टा मी. एरवी आकड्यांतच बोलतो. आज मात्र गप्प राहवत नाही, जीव घाबरा झालाय.

तिरुपूरच्या बनियन कारखान्यात पूंकोडी शिलाईला बसायची. कारखान्याने सगळ्या बायांचा आरोग्य विमा उतरवलेला. तिला दिवस गेले तसं विमा कंपनीने मला तिच्या घरी धाडलं. रोज सकाळी तिचं मनगट आवळायचं, रक्ताचा दाब मोजायचा आणि फोनमधून तो आकडा कोइमतूरच्या कचेरीत पोचवायचा, एवढंच माझं काम. तिथला कॉम्प्युटर हजारो बायांचे आकडे चाळतो. कुणाचा चढला की कनकवल्ली नावाची नर्स फोन करते.

यात कंपनीचाही फायदा आहे, खोटं कशाला बोलू? आईला वेळेवर गोळी मिळाली, तर अपुऱ्या दिवसांचं लेकरू काचेच्या पेटीत ठेवायचा भला मोठा खर्च वाचतो. पण खर्चाबरोबर ते लेकरूही वाचतं ना! पूंकोडीचा दाब पाचव्या महिन्यात जरा चढला, तर संध्याकाळच्या आत गोळ्या सुरू झाल्या. मला केवढा अभिमान वाटला होता.

मग सातव्या महिन्यात तिचं वळैकाप्पू, म्हणजे आपल्या डोहाळजेवणासारखा बांगड्या भरायचा सोहळा झाला. आईने आणि सुवासिनींनी दोन्ही हात काचेच्या बांगड्यांनी भरले आणि पूंकोडी धारापुरमजवळ माहेरी आली. बाळ जन्मेपर्यंत त्या बांगड्या उतरवायच्या नसतात. माझी जागाच गेली!

"अम्मा, पट्टा कुठे बांधू आता?" पूंकोडीने विचारलं.

"धाकटीला बांध," तिची आई मुत्तम्माळ म्हणाली. "एकाच पोटच्या तुम्ही दोघी. रक्त काय वेगळं आहे?"

धाकटी तेन्मोळी हसली. "वा गं अक्का! पोर तुझं आणि तपासणी माझी. मग डोहाळेही मलाच पुरवा."

त्या दिवसापासून तेन्मोळीचा आकडा पूंकोडीच्या नावावर जाऊ लागला. इकडे पूंकोडीचं डोकं ठणकायचं. पाय असे सुजले की चप्पल चढेना. "पहिलटकरणीला होतंच असं," म्हणत आई तिला भाताबरोबर खारी सुकी मासळी वाढायची. मी कोनाड्यातून बघायचो. ओरडू कसा? हातात येईल त्या मनगटाचं मी खरंच सांगत होतो, आणि तेच खोटं ठरत होतं.

आज दुपारी फोन वाजला. मुत्तम्माळने उचलला.

"मावशी, मी कनकवल्ली. पूंकोडीचा दाब एकाएकी इतका छान कसा झाला? कॉम्प्युटरने खूण केलीय. नाडीसुद्धा गरोदर बाईची वाटत नाही. तिचं वळैकाप्पू झालं का हो?"

"झालं की. थाटात झालं."

"मग पट्टा कुणाच्या हाताला बांधता?"

मुत्तम्माळने तेन्मोळीच्या मनगटाकडे पाहिलं. तेवढ्यात आतून पूंकोडी म्हणाली, "अम्मा, मला भिंती दोन-दोन दिसतायत गं."

"काढा आधी त्या बांगड्या!" फोनमधून कनकवल्ली ओरडली.

तेन्मोळीने साबण लावला, तेल चोळलं. सुजलेल्या हातातून एकही बांगडी निघेना. मुत्तम्माळने वरवंटा आणला. पदर लेकीच्या मनगटावर गुंडाळला. "मारियम्मा, काय व्हायचं ते मला होऊ दे," म्हणाली आणि ज्या बांगड्या तिनेच भरल्या होत्या त्या तिनेच फोडल्या.

मला बांधलं. एवढा मोठा आकडा मी आजवर कधी दाखवला नव्हता.

कंपनीने लगेच गाडी धाडली, इस्पितळात डॉक्टरीणबाईंना उभं केलं. आता आम्ही वाटेत आहोत. मी तिला पुन्हा पुन्हा आवळतोय. "उतरला का रे?" मुत्तम्माळ मलाच विचारतेय, जसा मी देव आहे. मला फक्त सांगता येतं गं बाई, उतरवता येत नाही.

बायांनो, माझ्यापुढे दुसरीचा हात धरू नका. तुमचाच द्या, सुजलेला असला तरी द्या. आकड्याला भिऊ नका, तो उशिरा कळण्याला भ्या.

गाडी वळली. इस्पितळाचं फाटक दिसतंय. आकडा अजून तसाच आहे.