सुतकातला व्यायाम

सायलीने दार नुसतं लोटून घेतलं. सुतकाच्या घराला कडी लावली तर गाव कारण विचारतं.

"आबा, उठा. हात न टेकता."

आनंदराव खुर्चीवरून उठले, थरथरले, पुन्हा बसले. हिवाळ्यात त्यांच्या मांड्या इतक्या झडल्या होत्या की संडासातून उठायलाही सोजराबाईचा, सायलीच्या आईचा, आधार लागायचा. एचआयव्हीच्या गोळ्यांइतकाच हा व्यायामही चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून आई-आबा दोघं शिरूर सोडून दौंडला दाखवायची. आजाराचं घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं.

रोज समोर उभी राहून आईच त्यांना उठवायची. ती अचानक गेली, तेव्हापासून त्यांनी खुर्चीला हात लावला नव्हता.

"ऱ्हाऊ दे गं. लोकं म्हणतील, बायकोची राख निवली न्हाई आन् ह्यो बैठका मारतोय."

"म्हणू देत. आईमागोमाग तुम्हालाही पोचवू का मी?"

ते ओठ दाबून उठले. तेवढ्यात दार ढकललं गेलं. उंबऱ्यात सिंधूआत्या उभी होती. आबांची थोरली बहीण. आईशी तिचं कधी पटलं नव्हतं.

"आनंदा! काय चाललंय ह्ये?"

आनंदराव पुन्हा बसायला वाकले. सायली मध्ये आली.

"पाय आखडलेत त्यांचे, आत्या, म्हणून जरा..."

"तुला इचारलं का मी?"

आत्या भावाजवळ गेली. वरपासून खालपर्यंत त्याला न्याहाळलं.

"वाकतोस कशाला? छाती म्होरं काढून ऊठ. सोजरा काय सांगत हुती रोज?"

सायलीने बापाकडे पाहिलं. बाप जमिनीकडे पाहत होता.

"आत्या, तुम्हाला माहीत होतं?"

"भांडायची माझ्याशी. पर रडायला कुणाकडं जाणार हुती?"

अंगणात चपला वाजल्या. वरच्या आळीतल्या बायका भेटायला आल्या होत्या. आनंदराव घाईने खुर्ची मागे सारू लागले.

"तू थांबू नगंस," आत्या म्हणाली. बाहेर जाऊन तिने दार ओढून घेतलं आणि पहिल्याच बाईच्या गळ्यात पडून हेल काढला, "सोजरे गं, कुठं गेलीस माझे बाई..."

सायलीने हाताने खूण केली. आबा उठले. बाहेर बायका 'उगी, उगी' करत होत्या. आत्या वाट सोडत नव्हती. आबा बसले. पुन्हा उठले. शेवटी धापा टाकत त्यांनी खुर्ची कोपऱ्यात लावली आणि भिंतीला टेकून खाली बसले.

सायलीने दार उघडलं. आत्याच्या खांद्यावर हात ठेवून तिने हळूच सांगितलं, "झालं, आत्या."

आत्याचं रडणं थांबेना.